अनुभव धागा : चिनी भाषा शिकताना केलेल्या सहली

शिलालेख
घर बदलायचे ठरल्यामुळे गेल्या आठवड्यात माळ्यावरची ट्रंक खाली काढली. तिच्या तळाशी गुंडाळून ठेवलेला एक काळा-पांढरा कागद सापडला. शिआनच्या ‘पेइलिन’मध्ये, म्हणजे शिलालेखांच्या वनात, मी विकत घेतलेला तो ठसा होता. बीजिंगमध्ये चिनी भाषेचा वर्षभराचा अभ्यासक्रम करत असताना आमच्या वर्गाला ‘यूयान शिज्येन’ म्हणून, म्हणजे भाषेच्या प्रत्यक्ष सरावासाठी, तिकडे नेले होते. 1974 मध्ये विहीर खोदणाऱ्या शेतकऱ्यांना सापडलेली ती मातीची सेना सगळ्यांच्या लक्षात राहते, तशी माझ्याही राहिली. पण मनात घर केले ते पेइलिनने.

इसवी सन 837 मध्ये पूर्ण झालेली अभिजात ग्रंथांची दगडी प्रत तेथे 114 शिळांवर उभी आहे. हाताने नकला करताना पाठ बिघडत जातो, म्हणून अधिकृत पाठ दगडात कोरून ठेवला गेला. आमच्या लाओशींनी (आम्ही बाईंना याच नावाने हाक मारत असू) आम्हाला एका शिळेपुढे उभे केले आणि ओळखीची अक्षरे शोधायला सांगितली. मला अकरा सापडली, आणि त्यांत ‘त्झ युए’, म्हणजे ‘गुरू म्हणाले’, ही जोडीही होती. आठ महिने शिकलेल्या परक्या मुलीला जवळपास बाराशे वर्षांपूर्वीच्या दगडावरचे शब्द वाचता यावेत, याने मी अक्षरशः थरारले. शेजारी एक कारागीर ओला पातळ कागद शिळेवर चिकटवून, ब्रशने ठोकून तो खाचांत बसवत होता आणि वरून शाईची पुरचुंडी हलक्या हाताने थोपटत होता. खोदलेली अक्षरे तेवढी पांढरी राहत होती.

आपल्यापैकी ज्यांनी चिनी शिकताना अशा सहली केल्या असतील, त्यांनी आठवणी अवश्य लिहाव्यात.

सोलापूरकर
आमच्या सहलीच्या यादीत शिच्याच्वांग नव्हते. मी आणि एक वर्गमित्र रविवारी रेल्वेने स्वतःहून गेलो, कारण तेथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी आहे. आमच्या गावचा हा माणूस 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच वारला. लहानपणी त्यांच्या सोलापुरातील स्मारकावरून मी कितीतरी वेळा गेलो होतो, पण त्यांचे चिनी नाव मला प्रथम त्या समाधीपाशी वाचता आले : ख दीह्वा. पथकातील पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी ‘ह्वा’ म्हणजे चीन हे अक्षर घेतले होते, आणि नागपूरचे डॉ. चोळकर त्यांपैकीच एक. कोटणीसांच्या मुलाचे नाव यिनह्वा ठेवले गेले. ‘यिन’ म्हणजे भारत. ही दोन अक्षरे मी वर्गात पहिल्याच महिन्यात गिरवली होती, परंतु समाधीपुढे ती मला निराळीच भासली. तेथे फुले ठेवणाऱ्या एका आजोबांनी आम्ही कोठून आलो ते विचारले. ‘त्यांच्याच गावाहून’ एवढेच मला चिनीत सांगता आले, आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

शिलालेख
सोलापूरकर, हे वाचताना डोळे भरून आले. इतक्या जवळ असूनही मी तेथे गेले नाही, याची आता खंत वाटते.

घाटमाथा
माझा अनुभव मात्र फारसा गोड नाही. आमच्या संस्थेने ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीत सहल काढली, जेव्हा सारा देशच प्रवासाला निघालेला असतो. दिवसाला तीन ठिकाणे आणि मध्ये रेशमाच्या व जेडच्या दुकानांत एकेक तास, असा तो कार्यक्रम होता. भाषेच्या विद्यार्थ्यांना असे पळवणे मला आजही चुकीचे वाटते. बोलायला उसंत मिळत नसेल तर जायचे कशासाठी? लांबच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका कुटुंबाशी तासभर गप्पा झाल्या, तेवढाच त्या सहलीतला खरा सराव.

वाचनवेडी
शिआनचा विषय निघालाच आहे, म्हणून तेथील दायान पॅगोड्याबद्दल लिहिते. ह्युएन त्संगांनी भारतातून नेलेले ग्रंथ ठेवण्यासाठी 652 मध्ये तो बांधला गेला. वर्गातल्या चिनी मुलांना ते ‘पश्चिमेकडे’ गेल्याचे माहीत होते, पण ते महाराष्ट्रातही आले होते हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांच्या प्रवासवर्णनात आपला प्रदेश ‘मोहलाछा’ या नावाने येतो. येथील माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेण्याआधी शत्रूला तशी सूचना देतात, असे त्यांनी नोंदवले आहे. डोंगरातील ज्या विहाराचे वर्णन त्यांनी केले, तो अजिंठाच असावा असे अभ्यासक मानतात. पॅगोड्याच्या पायरीवर बसून मी हे मोडक्यातोडक्या चिनीत सांगितले, आणि लाओशींनी माझी एकही चूक न सुधारता शेवटपर्यंत ऐकून घेतले. त्या वर्षातले माझे सर्वांत लांब बोलणे तेच.

नवशिका
मी सप्टेंबरमध्ये जाणार आहे. शाकाहारी माणसाचे सहलीत कसे होते?

घाटमाथा
‘वो छ्र सू’, म्हणजे ‘मी शाकाहारी खातो’, हे वाक्य पाठ करा आणि अंडे चालते की नाही तेही स्पष्ट सांगा. मोठ्या बौद्ध मठांजवळच्या शाकाहारी खाणावळी उत्तम असतात. मठाच्या परंपरेने चालणाऱ्या ठिकाणी कांदा-लसूणही नसतो.

शिलालेख
त्याबरोबर ‘च्अ ग त्झ त्झन्म न्येन?’, म्हणजे ‘हे अक्षर कसे वाचायचे?’, हेही घोकून ठेवा. पेइलिनमध्ये एका आजींना मी ते विचारले, तर त्यांनी अर्धी शिळा मला बोटाने दाखवत वाचून दाखवली होती.