मदत हवी आहे: मेंढपाळ आणि राजा, मुलांना एकत्र कसं समजवायचं?

नमस्कार मंडळी. ख्रिस्तराजाच्या सणाआधी आमच्या चर्चमधल्या सातवी-आठवीच्या मुलांचा वर्ग मला घ्यायचाय. हा सण पोप पायस अकरावे यांनी 1925 मध्ये सुरू केला, आगमनकाळाच्या (नाताळाच्या तयारीचे आठवडे) आधीच्या रविवारी येतो, एवढं सांगून झालं. यंदा वाचन बायबलमधल्या मत्तय 25 चं. सिंहासनावर बसलेला राजा मेंढपाळासारखा मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे करतो; उजवीकडचे स्वीकारलेले, डावीकडचे नाकारलेले. इथेच एका पोरीने अडवलं, "राजा मेंढरं कशाला राखेल?"

मेंढपाळाचा राजा झालेल्या दावीदाचं उदाहरण दिलं, बायबलमधला यहेज्केल 34 (देव स्वतः मेंढपाळ होतो तो अध्याय) वाचून दाखवला. तरी चेहरे कोरेच. मग मेंढपाळरूपातल्या ख्रिस्ताची दोन चित्रं दाखवली. रोममधल्या प्रिसिलाच्या भुयारी दफनभूमीतला मेंढपाळ आखूड अंगरख्यातला, साधा गडी. इटलीतल्या रावेन्नातल्या पाचव्या शतकातल्या मोझेइकमध्ये (रंगीत तुकड्यांच्या चित्रात) तोच सोनेरी झग्यात, हातात काठीऐवजी क्रूस, भोवती सहा मेंढरं. हे मात्र पोरांना पटकन भिडलं. पण प्रिसिलाच्या चित्रात खांद्यावर चक्क शेरडू आहे! डावीकडे घालवायचं तेच खांद्यावर कसं, हा पुढचा प्रश्न. मी गप्प.

तर दोन गोष्टी हव्यात. कुणाच्या घरी शेळ्यामेंढ्या असतील तर सांगा, तुम्ही रात्री शेळ्या आणि मेंढ्या एकमेकींपासून वेगळ्या बांधता का, आणि का? आणि स्तोत्र 23 ("परमेश्वर माझा मेंढपाळ आहे") वर मुलांना पेलेल असं, सोप्या चालीचं मराठी गीत कुणाला माहीत आहे का? पेटीवर वाजवणारी मीच, त्यामुळे सूर फार चढे नकोत.