वाचनकट्टा : ‘द पोलिश ऑफिसर’ कोणाकोणाचं वाचून झालं?

माधवीताई (बी-२०३): मंडळी, या महिन्याचं पुस्तक, म्हणजे अ‍ॅलन फर्स्टची ही दुसऱ्या महायुद्धातली हेरकथा, वाचून झाली का? माझं काल रात्री दीडला संपलं आणि नंतर झोपच लागेना. ज्यांचं राहिलंय त्यांनी खालचे मेसेज आत्ता वाचू नका, कथानक कळेल.

अमोल (ए-५०१): झालं ताई. खरं सांगू का, माझी थोडी निराशा झाली. अ‍ॅलन फर्स्टचं हे माझं चौथं. १९८८ ते २०१९ या काळात पंधरा कादंबऱ्या आणि साचा एकच. चाळिशीकडे झुकलेला थकला-भागला माणूस, पॅरिस, पाऊस, एक प्रेमप्रकरण. शिवाय ते ठरलेलं रेस्टॉरंट, चौदा नंबरचं टेबल आणि आरशात गोळीचं भोक. हेरकथा म्हटली की कट उधळला, माणूस पकडला, असं काहीतरी हातात पडावं लागतं. इथे एक कामगिरी संपते की लगेच दुसरी सुरू.

कुलकर्णी काका (ए-१०२): अमोल, त्या आरशासाठी तर मी यांची पुस्तकं घेतो! आमच्या वेळी रहस्यकथांच्या मालिका यायच्या, त्यात नायक कायम असायचा. इथे नायक बहुतेक वेळा नवा, कधी फ्रेंच, कधी पोलिश, कधी हंगेरियन. कायम राहतो तो काळ आणि ते टेबल. कुठल्याही भागापासून सुरुवात केली तरी अडत नाही.

रेवा (सी-४०४): मला भाषा खूप आवडली, पण बायकांवर अन्याय झालाय. नायकाची बायको हेलेना मनोरुग्णालयात, बाकीच्या चार पानं येतात आणि जातात. त्या काळात इतक्या बायका वायरलेस चालवत होत्या, निरोप पोचवत होत्या. त्यांच्यातल्या एकीच्या डोळ्यांनी अख्खं पुस्तक असतं तर!

सुनीता काकू (बी-१०१): मला सुरुवातीची नावंच लक्षात राहीनात, म्हणून वहीत लिहून घेतली. पण तो आगगाडीचा प्रसंग मात्र एका बैठकीत वाचला. कुकर तीन शिट्ट्या जास्त झाला. डब्याच्या फळ्यांखाली देशाचं सोनं आणि त्या फळ्यांवर बोचकी घेऊन बसलेली साधी माणसं. पोरं रडतायत, वरून विमानं. ते सोन्याचं खरं आहे का हो?

माधवीताई (बी-२०३): काकू, ती गाडी आणि नायक कॅप्टन द मिल्या लेखकाच्या कल्पनेतले, पण सोनं खरंच बाहेर काढलं होतं. सप्टेंबर १९३९ मध्ये सुमारे ७५ टन! वॉर्सातून निघालं ते बस आणि ट्रकमधून, पुढे रेल्वेने रुमानियाच्या कॉन्स्टान्त्सा बंदरात, तिथून जहाजाने इस्तंबूल, मग तुर्कस्तान ओलांडून बैरूत आणि शेवटी फ्रान्स. आणि रेवा, हे तुझ्यासाठी. त्यातली एक बस हालिना कोनोपात्स्का चालवत होती. १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये थाळीफेकीत पोलंडला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं, तीच.

रेवा (सी-४०४): काय सांगता! मग तिच्यावरच लिहायला हवं होतं ना. हेच म्हणतेय मी 🙏

माधवीताई (बी-२०३): तुझं म्हणणं मला पटतं. या पुस्तकातली ती उणीव आहेच.
अमोलशी मात्र मी सहमत नाही, जरा सविस्तर लिहिते. द मिल्या मूळचा नकाशे काढणारा. १ सप्टेंबरला पश्चिमेकडून जर्मन आले, १७ ला पूर्वेकडून रशियन, आणि महिन्याभरात त्याच्या देशाचा नकाशाच उरला नाही. कट उधळून घरी परत जायचं, तर घर कुठाय? म्हणून कामगिरीमागून कामगिरी. पॅरिसमध्ये कधी रशियन कवी होतो, कधी कोळशाचा व्यापारी. इंग्लंडवर स्वारी करायला जर्मनांनी १९४० मध्ये इंग्लिश खाडीच्या बंदरांत सपाट बोटी गोळा केल्या होत्या, त्या भागात याची माणसं जीव धोक्यात घालतात. आणि बदल्यात काय, तर रात्री विमानं येऊन काही बोटी बुडवून जातात. युद्ध तसंच चालू. मला वाटतं खरी हेरगिरी अशीच असणार. एनिग्मा या जर्मनांच्या सांकेतिक संदेशांच्या यंत्राचंच बघा. पोलिश गणिती रेयेव्स्की आणि त्याच्या जोडीदारांनी १९३२ पासून त्याचे संकेत उलगडले होते. जुलै १९३९ मध्ये वॉर्साजवळ इंग्रज-फ्रेंचांना बोलावून सगळं त्यांच्या हवाली केलं. पाच-सहा आठवड्यांनी हल्ला झाला आणि देशच गेला, पण ते काम पुढे इंग्लंडमध्ये कामी आलं.

अमोल (ए-५०१): नकाशावाल्याचं असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तरी शेवट मला अर्धवट वाटला. बर्फात, जंगलात सोडून दिलंय त्याला.

माधवीताई (बी-२०३): तिथेच तर माझी झोप उडाली रे. तो पूर्वेकडचा भाग वाचताना मला कोल्हापूरजवळचं आपलं वळिवडं, तिथला पोलिश निर्वासितांचा कॅम्प आठवत होता. रशियनांनी १९४० पासून त्याच पूर्व पोलंडमधून घरंच्या घरं उचलून सैबेरियात नेली. १९४१ मध्ये करार होऊन सुटका झाली, त्यातले हजारो लोक इराणला उतरले आणि १९४३ मध्ये त्यातले सुमारे पाच हजार आपल्याकडे आले. बहुतेक बायका, मुलं, म्हातारी माणसं. कर्ते पुरुष सैन्यात, पुढे इटलीत मोंते कासिनोला लढलेले कितीतरी. पुस्तकात पुरुष जंगलात दिसेनासा होतो. त्याच्यासारख्यांची बायकामुलं पंचगंगेकाठी होती, १९४८ पर्यंत!

सुनीता काकू (बी-१०१): म्हणजे आत्ताचं गांधीनगर ना? फाळणीनंतर सिंधी लोक राहायला आले ते?

माधवीताई (बी-२०३): तेच.

पाटील आजोबा (सी-१०२): (मी नातू टाइप करतोय, आजोबा सांगतायत) मी वळिवड्याचा. आठ-नऊ वर्षांचा असेन. आई-वडिलांबरोबर दूध घालायला कॅम्पात जायचो. कौलारू बराकी, एकाला एक लागून. प्रत्येक दारापुढं हातभर जागा, त्यात त्या बाया फुलं लावायच्या. आमच्याकडं अंगणात दोडका नाहीतर मिरची, नुसती फुलं कशाला लावतात ते आम्हाला कळायचं नाही. एक म्हातारी होती, दूध मोजताना आमच्याबरोबर मोठ्यानं म्हणायची, ‘येक, दोन, तीन’. चारला अडायची. मग आई म्हणायची ‘च्यार’, की हसायची. तिचा मुलगा लष्करात होता, एवढं कळलं होतं. तो आला का नाही, माहीत नाही. एक दिवस गेलो तर दाराला कडी.

रेवा (सी-४०४): आजोबा 🙏🙏 वाचून अंगावर काटा आला.

कुलकर्णी काका (ए-१०२): पाटीलसाहेब, हे तुम्ही इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाहीत! वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे गेले होते. आणि आपल्या महावीर उद्यानात जो स्तंभ आहे तो याच लोकांचा. मी रोज त्याच्या बाजूने चालतो.

अमोल (ए-५०१): ताई, मी शेवटची पन्नास पानं परत वाचतो. साच्याबद्दलचं मत कायम आहे, पण ही पानं मी घाईत उरकली हे खरं.

माधवीताई (बी-२०३): वाच. आणि पुस्तकाची प्रत कोणाकडे द्यायची? माझ्याकडे एक, काकूंकडे एक. काकू, तुमची नावांची वही पण द्या सोबत, पुढच्याला सोपं जाईल.

सुनीता काकू (बी-१०१): देते की. पुसून टाकणार होते, बरं झालं सांगितलंस.

रेवा (सी-४०४): रविवारी सकाळी सात वाजता महावीर उद्यानात जमायचं का? आजोबांना मी गाडीतून आणते.

पाटील आजोबा (सी-१०२): (आजोबा म्हणतायत, फुलं घेऊन या. साधी, दारातली.)