प्रवास विम्यातील सामानाच्या कलमाबद्दल थोडी भर
प्रवास विमा घेताना वैद्यकीय खर्चाची मर्यादा पाहून पॉलिसी निवडावी, सामानाचे कलम वाचण्यात वेळ घालवू नये, हे मत मला अर्धेच पटते. वैद्यकीय संरक्षणाला पहिले स्थान हवेच. पण सामानाचा ‘विलंब’ (बॅग उशिरा येणे) आणि ‘गहाळ’ (बॅग हरवणे) यांतला फरक मला फार उशिरा कळला. माझी बॅग दोन दिवसांनी आली, तेव्हा घ्याव्या लागलेल्या कपड्यांच्या नि औषधांच्या पावत्या मी जपून ठेवल्या होत्या, परंतु विमानतळ सोडण्यापूर्वी विमान कंपनीकडे लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत, म्हणजे पीआयआर (प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट), घेतली नव्हती आणि तेवढ्यावरून विम्याचा दावा फेटाळला गेला. विमान कंपनीकडे विलंबाची भरपाई मागायची असेल, तर आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाबाबतच्या 1999 च्या मॉन्ट्रियल करारानुसार बॅग हाती आल्यापासून 21 दिवसांत लेखी तक्रार करावी लागते.