१८ जूनच्या फळ्यावर वॉटर्लू कशाला? (चर्चा)

फोंडेकर
मंडळी, थोडं लांब होईल पण वाचा. आमच्या गावच्या वाचनालयात दारातच दिनविशेषाचा फळा आहे, रोज कोणीतरी मोबाइलवर बघून खडूने पाच-सहा ओळी उतरवतं. यंदा १८ जूनला काय होतं बघा. हळदीघाटची लढाई १५७६, वॉटर्लूची लढाई १८१५, राणी लक्ष्मीबाईंचं बलिदान १८५८, फ्रान्सच्या द गॉल यांचं लंडनहून रेडिओवर भाषण १९४०, सॅली राइड ही पहिली अमेरिकन महिला अंतराळात १९८३. आणि सगळ्यात खाली, जागा संपली म्हणून बारीक अक्षरात, फळ्याच्या चौकटीला चिकटवून 'गोवा क्रांती दिन'. साल नाही, मडगाव नाही, राममनोहर लोहियांचं नाव नाही, त्यांचे गोवेकर साथी डॉ. जुलियांव मिनेझिस यांचं तर नाहीच नाही.

मला भयंकर राग आला, खरंच सांगतो. ज्या मातीत तो फळा टांगलाय तिथलीच गोष्ट शेवटी आणि तीसुद्धा अर्धी. लोहिया तुरुंगातून सुटून थोडेच दिवस झाले होते, तब्येत बिघडलेली, बर्लिनपासूनचे मित्र मिनेझिस यांच्याकडे असोळण्याला विश्रांतीसाठी आले आणि इथे पोर्तुगीज राजवटीत बघतात तर साधी सभा घ्यायची सोय नाही, लग्नपत्रिका छापायची तरी आधी सरकारला दाखवा. मग १८ जून १९४६, भर पावसात मडगावला सभा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मिरांडा पिस्तूल काढून समोर उभा आणि लोहियांनी त्याचा हात धरून त्याला बाजूला केलं. दोघांना अटक झाली पण लोक गप्प बसले नाहीत. एवढी गोष्ट सांगायला फळा पुरणार नाही आणि आम्ही वर नेपोलियन लिहितोय!

माझं म्हणणं एवढंच, एका तारखेला घडल्या म्हणून दोन गोष्टी एकमेकींच्या नातेवाईक होत नाहीत. योगायोगाची यादी बंद करा, एक दिवस एक घटना, पण नीट लिहा. पटतंय का नाही ते सांगा.

डिचोलीची बाई
नाही पटत. मी शाळेत शिकवते आणि माझा अनुभव उलटा आहे. नुसतं 'क्रांती दिन' म्हटलं की मुलं सुट्टी आहे का एवढंच विचारतात. तेच १ ऑगस्ट घ्या. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत टिळक गेले, त्याच दिवशी वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले आणि असहकार चळवळही त्याच दिवशी सुरू झाली. हे तिन्ही एका ओळीत लिहिलं की वर्ग आपोआप बोलायला लागतो, म्हणजे टिळक गेल्यावर गांधीजी पुढे आले का बाई, म्हणजे अण्णाभाऊंना टिळक माहीतच नसणार. बरोबर आहे की! एक पिढी जाताना दुसरी येताना दिसते त्यांना. हा योगायोगच आहे, पण त्यातून जे दिसतं ते खोटं नाही ना सर. तुमचा राग शेवटच्या ओळीतल्या बारीक अक्षरावर आहे, तो मलाही आहे, पण शिक्षा तुम्ही वॉटर्लूला देताय.

असईचा पाव्हणा
मी मूळचा जालन्याकडचा, नोकरीमुळे वास्कोत आहे. फोंडेकर, वॉटर्लू आपलं नाही असं कसं म्हणता? नेपोलियनला तिथे हरवणारा वेलिंग्टन म्हणजेच आर्थर वेलस्ली, तोच वेलस्ली २३ सप्टेंबर १८०३ ला आमच्याकडे असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला आणि जिंकला. आमच्याकडे ही लढाई अजून शेताच्या बांधावर सांगितली जाते, केळणा नदीच्या पाण्यातून इंग्रज कुठून उतरले ते म्हातारी माणसं हात करून दाखवतात. आणि गोव्यात तर नेपोलियनच्याच भीतीने इंग्रजांची फौज १८१३ पर्यंत मुक्कामाला होती, दोना पावलाला राजभवनाच्या वाटेवर त्या इंग्रजांची दफनभूमी आजही आहे, जाऊन बघा. त्यामुळे वॉटर्लू म्हटलं की माझ्या डोक्यात पॅरिस येत नाही, असई येते आणि दोना पावला येतं. लिहिणाऱ्याने हे जोडून लिहिलं असतं तर तुम्हीच उभं राहून वाचलं असतं.

फोंडेकर
@असईचा पाव्हणा, वाचलं असतंच, कारण तुम्ही संबंध सांगितलात. पण बघा, तो संबंध तारखेने नाही जुळला, माणसाने जुळवला. वेलस्लीचं लिहायचं तर २३ सप्टेंबरला लिहा, असईच्या नावाने लिहा. १८ जूनला त्याला आणून लोहियांच्या शेजारी बसवलं की वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, नुसती सालं लागतात.

@बाई, तुमचा वर्ग बोलतो कारण तुम्ही समोर उभ्या असता. फळ्यासमोर कोणी उभं नसतं. लोक छत्री झटकतात, नजर टाकतात, आत जातात.

पंचांगवाला काणकोण
तुम्ही दोघंही 'एकच दिवस' असं धरूनच चाललाय, आधी तेच तपासा. पुस्तकात हळदीघाटची १८ जून १५७६ येते ती जुन्या जुलियन कॅलेंडरची (काही पुस्तकं २१ जून देतात ते वेगळंच). आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर पोर्तुगालने ऑक्टोबर १५८२ मध्ये घेतलं, ४ तारखेच्या गुरुवारनंतर थेट १५ तारखेचा शुक्रवार, मधले दहा दिवस नाहीतच. इंग्रजांनी तर १७५२ पर्यंत वाट पाहिली. म्हणजे आजच्या हिशेबाने हळदीघाट २८ जूनला येते. राणी लक्ष्मीबाईंची तारीख कुठे १७ तर कुठे १८ देतात. तुमच्या फळ्यावरच्या सहा घटनांतल्या एका दिवशीच्या म्हणून पक्क्या चारच राहिल्या.

शिवजयंतीचं तर सगळ्यांना माहीत आहे, १९ फेब्रुवारी १६३० हीसुद्धा जुलियन तारीख, नव्या हिशेबाने १ मार्च, आणि तिथीने म्हटलं तर फाल्गुन वद्य तृतीया, ती दर वर्षी वेगळ्याच तारखेला. तरी दोन्ही दिवशी लोक मनापासून जयंती करतात. मी तिथीवाला आहे, लपवत नाही. तिथीत निदान त्या दिवशीचा चंद्र तरी तोच असतो, तारखेत काय तेच असतं?

सासष्टीची सून
पंचांगवाले काका, हिशेब बरोबर आहे पण माणसं हिशेबावर चालत नाहीत, दिवस मुद्दाम निवडतात हे इथे कोणी बोलतच नाहीये. २६ जानेवारी बघा, १९३० मध्ये पूर्ण स्वराज्याचा दिवस त्या तारखेला पाळला म्हणून वीस वर्षांनी राज्यघटना त्याच दिवशी लागू केली. १५ ऑगस्ट माउंटबॅटननी धरला कारण जपानच्या शरणागतीला तेव्हा बरोबर दोन वर्षं होत होती. आणि १९५५ साली सत्याग्रही हजारोंनी गोव्याच्या हद्दीत घुसले तो दिवसही १५ ऑगस्टच, मुद्दाम ठरवलेला, तिकडे देश झेंडे लावतोय आणि इकडे पोर्तुगीजांच्या गोळ्या खाऊन वीसच्या वर माणसं मेली. ह्याला योगायोग म्हणणार का?

त्याच दिवशी आमच्या वाड्यावर सायबिणीचं, म्हणजे मेरी मातेचं, फेस्त असतं. शेजारच्या घरात नव्या तांदळाचं पीठ हळदीच्या पानावर थापून, आत खोबरं-गूळ भरून पातोळ्यो वाफवतात, मोदकपात्राचं झाकण उघडलं की हळदीच्या पानाचा वास आमच्या ओसरीपर्यंत येतो. आमच्याकडे त्याच पातोळ्यो नागपंचमीला. सकाळी पंचायतीत झेंडा आणि मग शेजारून आलेलं ताट, मला हे दोन वेगळे दिवस वाटतच नाहीत, आणि मी एकालाही फळ्यावरून पुसू देणार नाही.

फोंडेकर
सून बाय, तुम्ही माझंच म्हणणं माझ्यापेक्षा नीट मांडलंत. निवडलेला दिवस वेगळा आणि आपसूक जुळलेला वेगळा. निवडलेल्याला कारण असतं, ते लिहिता येतं. पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कचंच घ्या, २५ नोव्हेंबर १५१० ला गोवा घेतलं तो सेंट कॅथरीनचा दिवस पडला, तर त्यांनी त्या संतिणीच्या नावाने तिथे कपेल (छोटं चर्च) उभारलं, आणि जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रलही तिलाच वाहिलेलं आहे. दिवस जुळला आणि राज्यकर्त्यांनी तो दगडात कोरून ठेवला. ही गोष्ट फळ्यावर यायला हवी, का जुळवलं ते सांगून. सॅली राइडला १८ जूनला कोणी गोव्यासाठी पाठवलं नव्हतं.

पंचांगवाला काणकोण
तो २५ नोव्हेंबरही जुलियन बरं का, आज ५ डिसेंबर आला असता. पण फेस्त जुन्याच तारखेला राहिलं.

मगो घरातला
सगळे सोपे सोपे दिवस काढताय, अवघड दिवस मी काढतो. १६ जानेवारी. १६८१ ला रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक आणि १९६७ ला गोव्याचा जनमत कौल. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि महाराष्ट्रात जाण्याच्या बाजूने १,३८,१७०. आमचं घर त्या दुसऱ्या आकड्यातलं. आजोबा त्या दिवसाचं नाव घरात काढू देत नसत, पण त्याच तारखेला संभाजी महाराजांच्या तसबिरीला हार घालत. आता 'एक दिवस एक घटना' हा तुमचा नियम इथे लावा आणि सांगा, कुठली ठेवायची? राज्याभिषेक ठेवलात तर कौलाचा दिवस अस्मिताय दिस म्हणून मानणारे म्हणणार मुद्दाम कौल लपवला. कौल ठेवलात तर आम्ही म्हणणार फोंड्याचा किल्ला १६८३ ला पोर्तुगीजांच्या वेढ्यातून सोडवणाऱ्या राजाला फोंड्याच्याच फळ्यावर जागा नाही. तुमचा नियम दिसायला स्वच्छ आहे पण शेवटी फळा ज्याच्या हातात त्याचाच इतिहास राहतो. यादी असली की निदान दोन्ही बाजूंची माणसं फळ्यासमोर उभी तरी राहतात. मला तरी यादीच हवी.

फोंडेकर
प्रश्न खरा आहे आणि मी टाळत नाही. १६ जानेवारीला मी कौल लिहीन, दोन्ही आकड्यांसकट, कारण तो दिवस गोव्यातल्या प्रत्येक घराने जगलाय, तुमच्या आजोबांनीसुद्धा. संभाजी महाराजांचं नोव्हेंबरमध्ये लिहीन, फोंड्याचा वेढा कसा उठला ते सगळं, रायगडावरच्या एका ओळीपेक्षा फोंड्यात त्यालाच जास्त अर्थ आहे. तुम्हाला हे कमी वाटेल हे माहीत आहे.

आणि यादीने काय होतं ते १९ डिसेंबरला बघा. १९६१ ला संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हाने शरणागतीवर सही केली तो आपला मुक्तिदिन, आणि १९२७ ला त्याच तारखेला काकोरी खटल्यातले रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खान आणि रोशन सिंह फाशी गेले. दर वर्षी ही तीन नावं सगळीकडे फिरतात. चौथे राजेंद्र लाहिरी, तोच खटला, तीच शिक्षा, पण त्यांना गोंड्याच्या तुरुंगात दोन दिवस आधी, १७ डिसेंबरला फाशी दिली. तारीख जुळली नाही म्हणून ते १९ च्या यादीत नाहीत आणि १७ ला कोणी फळा इतक्या आठवणीने लिहीत नाही. तारखेच्या मागे लागलं की असा माणूस गळतो. हेच मला सहन होत नाही.

मगो घरातला
कमीच वाटतं. नोव्हेंबरचं वचन मात्र धरून ठेवतो.

डिचोलीची बाई
लाहिरींचं पटलं, पण उपाय तुमचा नाही पटला. गेल्या वर्षी ह्याच १९ डिसेंबरच्या जोडीवरून सातवीतल्या एका मुलीने विचारलं, बाई, ते लोक १९२७ ला फाशी गेले, देश १९४७ ला सुटला, मग आपण अजून चौदा वर्षं कुठे होतो? मी त्या दिवशी धडा बाजूला ठेवला आणि गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या त्रिस्तांव ब्रागांझ कुन्यांपासून सुरुवात केली, लोहियांच्या सभेनंतर त्यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात कसं नेऊन टाकलं, आपले लोक आग्वाद किल्ल्यातल्या तुरुंगाच्या कोठड्यांत कसे होते ते सगळं. दोन सालं शेजारी नसती तर तो प्रश्न आला नसता. ह्या वर्षी १९ ला चारही नावं लिहिणार, लाहिरींच्या पुढे कंसात १७ डिसेंबर, गोंडा. आणि १८ जूनला लोहिया-मिनेझिस सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, पण वॉटर्लू मी काढणार नाही, त्याच्याखाली 'हाच वेलस्ली असईचा' एवढं लिहिणार.