चष्मा, प्रवास आणि क्लोज्ड-बॅक हेडफोन: के३७१, एम५०एक्स, एम४०एक्स की ७५०६?

वाचत_ऐकत

प्रवासात आणि ऑफिसात वापरायला तारेचा क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद वाट्यांचा, हेडफोन घ्यायचाय. ब्लूटूथ नको, रोज रात्री आणखी एक वस्तू चार्जिंगला लावायचा कंटाळा आलाय. मधल्या किमतीतले चार नक्की केलेत: ऑडिओ-टेक्निकाचे एम५०एक्स आणि एम४०एक्स, एकेजीचा के३७१ आणि सोनीचा एमडीआर-७५०६. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो आवडला असता, पण त्याची घडी होत नाही.

यातले दोनच प्रत्यक्ष ऐकलेत, मित्राचा के३७१ आणि सहकाऱ्याचा एम५०एक्स. के३७१चा बेस खोल आणि भरदार आहे असं जो तो लिहितो. मला तो ठणठणीत कोरडा वाटला. डग्गा वाजतोय की कुणी पुठ्ठ्यावर बोटं आपटतंय, कळेना. तेच रेकॉर्डिंग एम५०एक्सवर लावलं तर डग्गा मस्त घुमला. मित्र म्हणतो, तुझे कान तपासून घे. (कान ठीक आहेत, चष्मा तेवढा आहे.)

दुसरी शंका. एकेजीच्या माहितीपत्रकात संवेदनशीलता (ठरावीक वीज दिली की किती मोठ्याने वाजतो ते) ११४ डेसिबल लिहिलीय, ऑडिओ-टेक्निकाच्या ९९. म्हणजे एकेजी कितीतरी मोठ्याने वाजायला हवा. फोनला लावून पाहिलं तर दोन्ही जवळपास सारखेच. कोण थापा मारतंय?

ऐकतो ते मुख्यतः शास्त्रीय गायन, थोडं जॅझ आणि भरपूर गप्पांचे कार्यक्रम. आवाजाबद्दल बोला, रंगरूपाचं मी बघून घेईन.

श्वास_कापते

कंसातलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण अर्धं उत्तर तिथेच आहे.

क्लोज्ड-बॅक हेडफोनमधला खालचा बेस हा कान, वाटीची गादी आणि ड्रायव्हर (आवाज काढणारा हलता पडदा) यांच्यामधल्या कोंडलेल्या हवेवर चालतो. ड्रायव्हर हलतो तो केसभर. तेवढ्यावर ४०-५० हर्ट्झचा दाब तयार व्हायचा तर ती हवा कोंडलेलीच राहायला हवी. चष्म्याची काडी गादीखालून गेली की कानामागे एक बारीक फट राहते आणि बेस तिथून निघून जातो. वरच्या सुरांना त्या फटीचं फारसं काही वाटत नाही, त्यामुळे आवाज कमी झाला असं जाणवत नाही, नुसता पातळ झाला असं वाटतं. डग्ग्याचा घुमारा शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असतो. पहिला बळी त्याचाच.

मोजमापाच्या आलेखात के३७१चा बेस सुरेख दिसतो, कारण मोजणाऱ्या कृत्रिम डोक्याला चष्मा नसतो.

घरी करून बघा. गाणं चालू असताना चष्म्याच्या काड्या उचलून गादीच्या वर, केसांवर ठेवा. चष्मा वाकडा दिसेल, दिसू दे. डग्गा परत आला तर भानगड गळतीची आहे. तळव्यांनी वाट्या दाबून बघायचा मोह होतो, पण जोरात दाबलं की ड्रायव्हर कानाजवळ येतो आणि बाकीचा आवाजही बदलतो, मग नक्की कशाने फरक पडला ते कळत नाही.

एम५०एक्स तुमच्याकडे घुमला याची माझ्या मते दोन कारणं. एक तर तो डोक्याला चांगलाच आवळून बसतो. दुसरं, त्याच्या बेसचा फुगवटा थोडा वर, शंभर-दीडशे हर्ट्झच्या पट्ट्यातही आहे, त्यामुळे थोडी गळती झाली तरी कानाला बेस आहे असं वाटत राहतं. खालच्या बेसवर जास्त भिस्त ठेवणारा हेडफोन गळतीत आधी उघडा पडतो.

आता डेसिबल. थापा कुणीच मारत नाहीये, मापं वेगळी आहेत. एकेजीचा आकडा १ व्होल्टला आहे, ऑडिओ-टेक्निकाचा १ मिलिवॉटला. के३७१चा विद्युतरोध आहे ३२ ओहम. त्याला १ मिलिवॉट द्यायला साधारण ०.१८ व्होल्ट पुरतात. तिथून १ व्होल्टपर्यंत १५ डेसिबलचा फरक पडतो. ११४मधून १५ गेले, राहिले ९९. एम५०एक्स ३८ ओहमचा, तो १ व्होल्टला ११३ होतो. म्हणजे तुमचे कान बरोबर, दोघांत जेमतेम एका डेसिबलचा फरक. माहितीपत्रकातला आकडा वाचताना त्यापुढे काय छापलंय ते बघायचं, नाहीतर आंब्याची तुलना चिकूशी होते.

आता माझं मत. माझं काम बोललेलं ऐकायचं आणि कापायचं: श्वास, ओठांचे आवाज, कागदाची सळसळ. त्यासाठी ७५०६ वापरते. हा १९९१पासून बाजारात आहे आणि रेकॉर्डिंगवाल्यांच्या गळ्यात अजूनही दिसतो, कारण तो काही लपवत नाही. ट्रेबल, म्हणजे वरचा पट्टा, चढा आहे. ‘स’, ‘श’ आणि ‘च’ टोचतात. ओठ चिकटून सुटल्याचा बारीक टिक्क आवाजही वेगळा ऐकू येतो, मी नेमकी तिथे कात्री लावते. पण संध्याकाळी निवांत ख्याल ऐकायला मी तो कधीच घेत नाही. तानपुऱ्याच्या जवारीचा वरचा झणकार इतका पुढे येतो की गाणारा मागे बसल्यासारखा वाटतो. शिवाय तार गुंडाळीची, ताणली तर तीन मीटर, आणि काढता येत नाही. प्रवासात ती खिशात मावत नाही आणि बाहेर लोंबली की मान ओढते.

एम४०एक्सला लोक एम५०एक्सचा धाकटा भाऊ समजतात आणि पुढे जातात. ड्रायव्हर ४० मिलिमीटरचा, थोरल्याचा ४५चा, एवढं बघून निकाल लावणं चूक आहे. ड्रायव्हरच्या व्यासावरून आवाजाचा दर्जा ठरत नाही. माझ्या कानाला एम४०एक्स जास्त सरळ वाटतो. एम५०एक्सवर खर्जात गाणाऱ्या पुरुष आवाजाला एक जाडी येते. पहिल्यांदा ती आवडते, मग प्रत्येक गायकाला सारखीच जाडी आहे हे लक्षात येतं. एम४०एक्सवर गळा आपल्या जागी राहतो.

के३७१ मात्र या चौघांत सगळ्यात विचारपूर्वक बांधलेला आहे, हे कबूल करावं लागेल. एकेजी हा हरमन या ऑडिओ कंपनीचा ब्रँड. शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरमनमध्ये श्रोत्यांना बसवून, कसा आवाज बहुतेकांना आवडतो याचा एक वक्र काढला. २०१३च्या सुमाराला त्यावरचे निबंध यायला लागले. २०१९चा के३७१ त्या वक्राच्या बराच जवळ जातो. त्याचा मधला पट्टा खरंच स्वच्छ आहे. आलापात आकार आणि ओकार यांच्यामधला बदल त्याच्यावर जितका सहज कळतो तितका बाकी तिघांवर नाही. तुम्हाला बेस मिळाला नाही म्हणून हा भाग दुर्लक्षिला गेला असेल, परत ऐका.

तळमजला

डीटी ७७०ला इतक्या झटकन बाद करू नका हो. घडी होत नाही, मान्य. पण मखमली गादी चष्म्याच्या काडीभोवती छान बसते. मी जाड फ्रेमवाला आहे आणि दिवसभर घालू शकतो असा माझ्याकडे तो एकच. ८० ओहमचा घेतलात तर फोनवर कमी वाजेल, वरचाच हिशोब लावला तर १ मिलिवॉटचे ९६ डेसिबल १ व्होल्टला १०७ होतात, पण ऐकायला ते पुष्कळ झाले. तार मात्र तीन मीटर. ३२ ओहमच्या आवृत्तीला १.६ मीटर आहे, प्रवासाला ती बरी.

दोष सांगायचा तर आठ-नऊ हजार हर्ट्झच्या आसपास एक टोक आहे, तिथला आवाज एकदम चढतो. झांजा चमचमतात. काहींना तेच हवं असतं.

श्वास_कापते

@तळमजला मला नको असतं. त्या टोकावर ‘स’ कापून काढावासा वाटतो, म्हणजे सुट्टीच्या दिवशीही काम. पण गादीबद्दल तुमचं बरोबर आहे.

आडवा_ताल

तुलना करताना आवाजाची पातळी सारखी केली होती का? जो एक-दोन डेसिबल मोठा वाजतो तोच जास्त मोकळा, जास्त बेसवाला वाटतो. हळू आवाजात कानाला बेस कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३लाच मोजून दाखवलंय. संगीतावर पातळी जुळवू नका, निवेदकाच्या बोलण्यावर जुळवा. माणूस समोर बसून बोलतोय इतपत ठेवा, मग हेडफोन बदला. आणि लगेच बदला, चहा पिऊन आल्यावर मागचा आवाज डोक्यात राहत नाही.

आणखी एक. चालत्या गाडीची घरघर खालच्या पट्ट्यातली असते, आणि असले साधे हेडफोन वरचा गोंगाट बऱ्यापैकी अडवतात, खालचा फारसा नाही. त्यामुळे घरी सरळ वाटणारा हेडफोन गाडीत बेस हरवून बसतो. त्या अर्थी एम५०एक्सचा फुगवटा प्रवासात कामाला येतो. सतत गाडीतच ऐकणार असाल तर मी तोच घेईन, इथल्या मंडळींनी नाकं मुरडली तरी.

वाचत_ऐकत

मित्राचा के३७१ पुन्हा मागून आणला. काड्या वर उचलल्या आणि डग्गा आला! नुसता आला नाही, डग्ग्यावरची मींड वरून खालपर्यंत अखंड ऐकू आली, एम५०एक्सवर ती मध्येच फुगून मग विरत होती. बोलण्यावर पातळी जुळवून ऐकलं. के३७१चा गळा खरंच जास्त खरा वाटतो. काड्या खाली, की परत पुठ्ठा.

आता प्रश्न असा की इक्वलायझरने (वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) बेस वाढवून ही गळती भरून काढता येईल का? चष्मा काही जात नाही.

श्वास_कापते

थोडी येईल, भरवशाची नाही. गळती स्थिर नसते. तुम्ही जबडा हलवलात, मान वळवलीत, चष्मा नाकावर सरकवलात की ती बदलते. डोकं स्थिर असताना शंभर हर्ट्झखाली चार-पाच डेसिबल वाढवून छान जुळवाल, आणि काडी जरा सरकून फट बुजली की तोच बेस अंगावर येईल. करायचंच तर इक्वलायझरची एकूण पातळी तितक्याच डेसिबलने खाली घ्या, नाहीतर जोरकस थापेवर आवाज फाटतो आणि दोष हेडफोनला लागतो.

बाहेरच्या कंपनीच्या जाड गाद्या लावा असा सल्ला कुणीतरी देईलच. फट भरते, पण ड्रायव्हर कानापासून लांब जातो आणि ट्रेबल बदलतं. मग तो के३७१ उरत नाही, नावच तेवढं उरतं. उलट जुन्या, चेपलेल्या गाद्यांवरून कुठल्याही हेडफोनचा निकाल देऊ नका. मित्राच्या गाद्यांवर बोट दाबून सोडा, स्पंज हळूहळू वर आला तर ठीक, खळगा तसाच राहिला तर नव्याचा आवाज वेगळा असणार.

फ्रेम कशी आहे? तारेसारखी बारीक काडी असेल तर के३७१ घ्या, गळती बरीच कमी होते आणि तुमच्या ऐकण्याला तोच शोभतो. जाड प्लॅस्टिकची असेल तर एम४०एक्स.

वाचत_ऐकत

जाड प्लॅस्टिक. आणि नवी फ्रेम आत्ताच केलीय. म्हणजे एम४०एक्स. तार काढता येते ना त्याची?

श्वास_कापते

येते. खोक्यात दोन असतात, एक तीन मीटरची सरळ आणि एक गुंडाळीची. आखूड सरळ तार एम५०एक्सबरोबर मिळते, याच्याबरोबर नाही, ती वेगळी घ्यावी लागेल. वाटीकडचं टोक २.५ मिलिमीटरचं, आत घालून फिरवलं की अडकतं. मिळेल ती २.५ची तार आणू नका, अनेक पिना जाड असतात आणि त्या भोकात शिरतच नाहीत. याच मॉडेलसाठी बनवलेली मागा.