आषाढीची महापूजा 'शासकीय' कशाला?

उंबरठा:
दर आषाढीला पहाटे दोन-अडीचच्या सुमारास मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाच्या गाभाऱ्यात. शेजारी रांगेतून निवडलेलं मानाचं वारकरी जोडपं. बाहेर आले की कॅमेऱ्यांसमोर ठरलेलं साकडं : पाऊस पडू दे, बळीराजा सुखी होऊ दे. सत्ताधारी बदलतात, साकडं तेच.

मुख्यमंत्र्यांच्या श्रद्धेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्यांनी जरूर पंढरपूरला जावं, घरी देव पुजावेत. माझा आक्षेप 'शासकीय' या शब्दाला आहे. लाखो माणसं एका गावात उतरतात तेव्हा पाणी, शौचालयं, दवाखाने, बंदोबस्त हे सगळं सरकारने करायलाच हवं. तिथे वारकरी विठ्ठलाचा भक्त म्हणून येत नाही, नागरिक म्हणून येतो. पण पूजा हे पदाचं काम कसं काय?

आणि सरकार गाभाऱ्यात शिरलं की सरकारचं भांडणही आत शिरतं. २०१८ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे फडणवीसांना पंढरपूरला जाणं रद्द करावं लागलं. २०२२ मध्ये सत्तांतराच्या धामधुमीत 'यंदा पूजा कोण करणार' ही राजकीय बातमी झाली होती. २०२३ च्या कार्तिकीला उपमुख्यमंत्र्यांना विरोध झाला. यात विठ्ठलाचा काय संबंध?

माळकरी:
विठ्ठलाचा नाही, पण राज्याचा आहे ना! अहो, वर्षातून एकदा राज्याचा प्रमुख कुणापुढे तरी वाकतो, आणि तेसुद्धा रात्रभर रांगेत उभ्या राहिलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या शेजारी बसून. त्या जोडप्याला वर्षभराचा एसटीचा पास मिळतो, गावी गेल्यावर मान मिळतो. एवढ्याने लोकशाही बुडते म्हणता?

ही प्रथाही कालची नाही. सत्तरच्या सुमारास समाजवादी मंडळींनी हाच आक्षेप घेतला होता. पूजा थांबली, पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ पडला आणि पूजा पुन्हा सुरू झाली, असं पंढरपुरात आजही सांगतात. दुष्काळ त्यामुळे पडला असं मी म्हणत नाही. पण लोकांना काय वाटलं ते राज्यकर्त्याला मोजावंच लागतं.

कलमदान:
दोघांच्याही मध्ये थोडा कायदा घालते. राज्यघटनेच्या कलम २५ नुसार धर्माशी निगडित आर्थिक आणि लौकिक व्यवहारांचं नियमन राज्य करू शकतं, सामाजिक सुधारणा करू शकतं, हिंदूंच्या सार्वजनिक संस्था सर्व हिंदूंना खुल्या करू शकतं. कलम २७ म्हणतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खास राखलेला कर कुणावर लादता येणार नाही. हज अनुदानाला याच कलमाखाली आव्हान दिलं होतं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं, कारण एकूण कराचा फार मोठा हिस्सा तिकडे जात नव्हता. त्या हिशेबाने आषाढीच्या पूजेचा खर्च म्हणजे किरकोळ. तेव्हा उंबरठा, कोर्टात तुमचं काही चालणार नाही.

पण कायद्यात बसतं ते औचित्याला धरून असतंच असं नाही. सोमनाथचं उदाहरण घ्या. मंदिर सरकारी पैशाने बांधू नये, लोकवर्गणीतून बांधावं, ही सूचना गांधीजींची. पुढे १९५१ च्या प्राणप्रतिष्ठेला राष्ट्रपतींनी जाऊ नये असं नेहरूंचं मत होतं. राजेंद्रप्रसाद गेलेच. वाद पदाचा होता, भक्तीचा नव्हे. पंचाहत्तर वर्षांनी आपण तिथेच आहोत.

नाठाळ:
मूळ दुखणं कुणी बोलतच नाही. सरकारला धर्मापासून लांब राहायचंय ना? मग मंदिरं सोडा. पंढरपूर, शिर्डी, सिद्धिविनायक, सगळीकडे स्वतंत्र कायदे करून समित्या बसवल्यात. २०१८ मध्ये शिर्डी संस्थानाने निळवंडे प्रकल्पासाठी ५०० कोटी मंजूर केले. कालवे काढणं हे सरकारचं काम, त्याला साईबाबांची दानपेटी का? भाविकाने टाकलेल्या पैशावर सरकारचा डोळा चालतो आणि मुख्यमंत्र्याने अभिषेक केला की मात्र राज्यघटना आठवते!

भीमाकाठ:
नाठाळराव, शिर्डीचं तुमचं तुम्ही बघा. पंढरपुरात जन्म गेलाय म्हणून सांगतो, 'मंदिर सोडा' म्हणजे कुणाच्या हाती सोडा?

चोखोबांची समाधी मंदिराबाहेर आहे. साने गुरुजींना मे १९४७ मध्ये इथे उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा कुठे अस्पृश्यांना विठ्ठलाचं दार उघडलं. स्वातंत्र्य तोंडावर आलं होतं, तरी ही गत. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने संपवले, त्यावरची कोर्टबाजी थेट जानेवारी २०१४ पर्यंत चालली. त्यानंतर समितीने पुजाऱ्यांसाठी सर्व जातींकडून, बायकांकडूनही अर्ज मागवले. हे सगळं सरकार मध्ये पडलं म्हणून झालं. आपोआप काही झालेलं नाही.

पूजेचं म्हणाल तर पंढरपूरकर म्हणून माझा स्वार्थ साधा आहे. मुख्यमंत्री येणार म्हटलं की खड्डे बुजतात. 😀

उंबरठा:
@भीमाकाठ, १९७३ च्या कायद्याच्या मी पूर्ण बाजूने आहे, म्हणूनच तर म्हणतो. बडव्यांना हटवलं ते सगळ्यांसाठी दार उघडायला. त्यांच्या जागी स्वतः यजमान होऊन बसायला नव्हे. पहिलं काम न्यायाचं होतं. दुसऱ्याला काय म्हणायचं?

@माळकरी, २०२४ मध्ये सरकारने दिंडीमागे २० हजार रुपये जाहीर केले, निवडणुका तोंडावर होत्या. तेही 'लोकांना काय वाटतं' यातच धरायचं का?

माळकरी:
त्या २० हजारांना विरोध वारकऱ्यांमधूनच झाला, हेही सांगा की. वारी आपल्या भाकरीवर चालते. पैसे घेतले की आम्ही सरकारचे मिंधे. पूजेचं उलटं आहे. तिथे मुख्यमंत्री याचक असतो, आम्ही नाही.

कलमदान:
माळकरी, वाक्य छान आहे, पण एक सांगा. अंतुल्यांसारखा मुस्लिम मुख्यमंत्री या राज्याने पाहिलाय. उद्या पुन्हा मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती किंवा पक्का नास्तिक माणूस त्या खुर्चीवर आला तर?

माळकरी:
तर काय? यावं की. श्रीगोंद्याचे शेख महंमद आम्ही संत मानतो. विठोबाला कसली अडचण?

कलमदान:
विठोबाला नसेल हो. त्या माणसाला असली तर? समजा, त्याने हात जोडून सांगितलं की वारीची व्यवस्था मी चोख ठेवीन, पण ही पूजा माझ्या विचारात बसत नाही. दुसऱ्या दिवशीचे मथळे डोळ्यांपुढे आणा. म्हणजे मुख्यमंत्री व्हायला बहुमत लागतं आणि वर ही एक न लिहिलेली अट. मला भीती त्या अटीची आहे. अभिषेकाच्या दुधा-दह्याला माझी हरकत नाही.

नाठाळ:
काल्पनिक माणसाला काल्पनिक त्रास. खऱ्या भाविकाच्या खऱ्या पैशाचं बोला.

उंबरठा:
काल्पनिक कसा? २०१८ ला बघितलंच की. आंदोलकांनी मुख्यमंत्र्याला पूजेवरूनच अडवलं, कारण ती चुकणं म्हणजे नामुष्की हे सगळ्यांना ठाऊक होतं. हिंदू, भाविक मुख्यमंत्र्याची ही गत. माझी सूचना अशी : मानाच्या वारकरी जोडप्यानेच पूजा करावी. मुख्यमंत्र्यांना यायचं तर आदल्या दिवशी येऊन व्यवस्था बघावी, नाहीतर भाविकांसारखं रांगेतून दर्शन घ्यावं.

माळकरी:
रांगेतून मुख्यमंत्री? त्यांच्या बंदोबस्तात रांगच आठ तास खोळंबेल. वारकऱ्यांचे हाल का करता?

आणि जोडप्याने एकट्याने करावी हे ऐकायला बरं वाटतं. पण फडावरच्या, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत मंडळींतल्या, म्हाताऱ्यांना विचारून बघा. राज्यातर्फे पूजा होते याचा त्यांना अभिमान आहे. तो तुम्हाला खुपतो, त्यांना आधार वाटतो. मी त्यांच्या बाजूने.

नाठाळ:
जोडपं निवडणारी समिती कुणाची? सरकारने नेमलेली. म्हणजे पुढचा चेहरा वारकऱ्याचा, मागचा हात मंत्रालयाचाच. माझा मुद्दा कुणी खोडला नाही.

भीमाकाठ:
खोडायचा कशाला, तेवढा बरोबरच आहे. समितीवर सोय लावलेली राजकीय माणसं नकोत. शिर्डीचं विश्वस्त मंडळ २०२२ मध्ये हायकोर्टाला रद्द करावं लागलं होतंच. फडकरी, दिंडीवाले, गावातली साधी माणसं यांतून समिती कशी निवडायची, यावर बोलायला मी तयार आहे. पण 'सरकार नको' म्हणत जुन्या घराण्यांकडे चाव्या परत द्यायचा विषय काढलात, तर मात्र गाठ पंढरपूरकराशी आहे.