पाडव्याचे फॉर्म येतात आणि गायब होतात (मंडळाचा लॅपटॉप, आउटलुक आणि थंडरबर्ड हे मेलचे दोन प्रोग्रॅम)

प्रेषक: कार्यवाह
सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी,

उशीर झालाय, पण सकाळपर्यंत थांबवत नाही. पाडव्याच्या जेवणाचे फॉर्म मंडळाच्या पत्त्यावर येतात आणि माझ्या डोळ्यांदेखत नाहीसे होतात. आज दुपारी लॅपटॉप ओट्यावर उघडा होता. थंडरबर्डमध्ये वरच्या ओळीत ठळक अक्षरांत "पाडवा फॉर्म, २ मोठे १ लहान" दिसलं. कुकर उतरवून, हात पुसून आले तर ती ओळच नाही. ट्रॅशमध्ये नाही, जंकमध्ये नाही. फोनवर वेबमेल उघडली, तिथेही नाही. गुरुवारी लॅपटॉप माझ्याकडे आला तेव्हापासून हे चाललंय.

अक्कांना या गुरुवारपर्यंत पोळ्यांचा आकडा द्यायचाय. ज्यांनी फॉर्म पाठवलेत त्यांनी कृपया परत पाठवा. कोणी आपल्या मेलमध्ये घुसलंय का? पासवर्ड बदलू का?

---

प्रेषक: अक्का (भोजन समिती)
मंगळवार, सकाळी ६:४०

आकडा गुरुवारी म्हणजे गुरुवारीच हवा. ब्रॅम्प्टनच्या बाई शंभराच्या वर पोळ्या असतील तर डाळ आदल्या रात्री शिजवतात. मागच्या वेळी आकडा शनिवारी मिळाला आणि पुरण सैल झालं, ते सगळ्यांनी खाल्लंय.

---

प्रेषक: नाना
मंगळवार, सकाळी ७:१५

कार्यवाह, पासवर्डला हात लावू नकोस. त्या लॅपटॉपवर आउटलुक आहे, ते मी बसवलेलं आहे आणि इतकी वर्षं मंडळाचं एकही पत्र हरवलेलं नाही. तू दुसरा प्रोग्रॅम का टाकलास? टाकण्याआधी विचारायला हवं होतं. आधी तो काढून टाक आणि आउटलुकचा इनबॉक्स बघ.

---

प्रेषक: कार्यवाह
मंगळवार, सकाळी ७:५८

नाना, आउटलुक उघडलं. नऊच्या नऊ फॉर्म तिथे आहेत! जीव भांड्यात पडला. अक्का, आकडा मिळेल.

पण मी आउटलुक सुरूच केलं नव्हतं. खाली घड्याळाजवळच्या बाणावर टिचकी मारली तर आत त्याचं चिन्ह होतं. म्हणजे ते आधीपासूनच चालू होतं.

थंडरबर्ड टाकलं कारण घरी मी तेच वापरते, आणि मराठी मेल त्यात मला नीट वाचता येते. न विचारता टाकलं हे खरं.

---

प्रेषक: खजिनदार
मंगळवार, सकाळी ९:०५

लॅपटॉप सुरू झाला की आउटलुक आपोआप उघडेल अशी सोय मी केली आहे. पावत्यांचा नमुना, सभासदांची यादी, देणग्यांची पत्रं, सगळं त्यात आहे. शनिवारी हिशेबाला येतो तेव्हा मला ते लागतंच. कृपया कोणी काही काढू नये. दोन्ही प्रोग्रॅम राहू शकत नाहीत का?

---

प्रेषक: भाऊ (किचनर)
मंगळवार, दुपारी १२:२०

राहू शकतात, आरामात राहतात. काही काढायचं नाही.

कोणी घुसलेलं नाही. नानांनी आउटलुकमध्ये खातं पॉप पद्धतीने जोडलंय. पॉप म्हणजे टपालपेटीवर जायचं, पत्रं उचलून घरी आणायची आणि पेटी रिकामी करायची. कार्यवाहने थंडरबर्डमध्ये तेच खातं आयमॅपने जोडलं. आयमॅपमध्ये पत्रं पेटीतच राहतात, आपण पेटीला लावलेल्या काचेतून बघतो. त्यामुळे फॉर्म आला की काचेतून दिसतो, तेवढ्यात आउटलुक येऊन उचलून नेतं, आणि काचेमागे पेटी रिकामी. वेबमेल म्हणजे तीच काच, म्हणून फोनवरही नाही.

आत्ता एवढंच करा. आउटलुकमध्ये फाइल, अकाउंट सेटिंग्ज, मंडळाचं खातं, चेंज, मोर सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड. तळाशी "लीव्ह अ कॉपी ऑफ मेसेजेस ऑन द सर्व्हर", म्हणजे पत्राची प्रत सर्व्हरवर, आपल्या पेटीतच, राहू द्या, अशी चौकट असेल. तिथे टिक करा. त्याखाली "१४ दिवसांनंतर काढून टाका" वर टिक असेल तर ती काढा. इथून पुढे आलेलं पत्र दोघांनाही दिसेल.

---

प्रेषक: नाना
मंगळवार, दुपारी १:४५

ती चौकट मी मुद्दाम रिकामी ठेवली होती. तेव्हा आपल्या पेटीत जागा एवढीशी होती. गणपतीचे फोटो कोणी जोडून पाठवले की पेटी भरायची आणि पुढची पत्रं पाठवणाऱ्याकडे परत जायची. एका वर्षी हॉलवाल्याचं पत्र असंच परत गेलं आणि तारीख हातची गेली. त्या दिवसापासून मी दर पाच मिनिटांनी पेटी रिकामी होईल असं लावलं. हे चुकून झालेलं नाही, एवढं नोंदवून ठेवा.

---

प्रेषक: भाऊ (किचनर)
मंगळवार, दुपारी २:१०

नाना, तेव्हा तेच बरोबर होतं, मीही तेच केलं असतं. आता जागेची ती अडचण राहिलेली नाही.

---

प्रेषक: अण्णा (ओकव्हिल)
मंगळवार, संध्याकाळी ५:३०

मला भाऊंचं पटत नाही. माझ्या घरच्या जीमेलला मी दोन प्रोग्रॅम पॉपने जोडले, दोन्हीकडे ती चौकट टिक केली. तरी एकात आलेली मेल दुसऱ्यात येत नाही. शेवटी नाद सोडला. मंडळाचं सगळं ब्राउझरमध्येच बघावं, कुठलाच प्रोग्रॅम नको, असं माझं पहिल्यापासून मत आहे. २०१९ च्या सभेतही मांडलं होतं.

---

प्रेषक: भाऊ (किचनर)
मंगळवार, संध्याकाळी ६:०५

अण्णा, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो जीमेलपुरता. साध्या पॉपमध्ये प्रत्येक पत्राला सर्व्हर एक कायमचा क्रमांक देतो आणि कुठले क्रमांक उचलून झाले याची वही प्रत्येक प्रोग्रॅम स्वतःजवळ ठेवतो. थंडरबर्डची वही वेगळी, आउटलुकची वेगळी, म्हणून दोघांनाही सगळं मिळतं. जीमेल ही वही स्वतःकडे ठेवतं. एकाने उचललं की दुसऱ्याला तेच पत्र देत नाही, चौकटीतल्या टिकला तिथे किंमत नाही. पॉप वापरायचंच असेल तर युजरनेमच्या आधी इंग्रजी अक्षरांत "रीसेंट" आणि विसर्गचिन्हासारखे दोन टिंब टाका, मग ते गेल्या ३० दिवसांची पत्रं प्रत्येक प्रोग्रॅमला देतं. पण घरी सरळ आयमॅप करा.

मंडळाची पेटी जीमेलची नाही, तेव्हा इथे हा प्रश्न येत नाही.

---

प्रेषक: अण्णा (ओकव्हिल)
मंगळवार, संध्याकाळी ६:२२

रीसेंट टाकून बघितलं. चाललं! आभार.

---

प्रेषक: कार्यवाह
मंगळवार, रात्री ९:३०

भाऊ, टिक केली, आता फॉर्म दोन्हीकडे दिसतायत. पण दुसरीच गोष्ट उघडकीला आली. शनिवारी खजिनदार काकांनी हॉलवाल्यांना आउटलुकमधून उत्तर दिलं की दार साडेतीनला उघडा. मला ते कुठेच दिसलं नाही, म्हणून रविवारी मी थंडरबर्डमधून साडेचार लिहिलं. आज त्यांचा फोन आला, नक्की कधी? साडेतीनच सांगितलंय.

---

प्रेषक: भाऊ (किचनर)
मंगळवार, रात्री १०:१५

हे होणारच होतं. पॉपमध्ये पाठवलेली पत्रं त्या प्रोग्रॅमच्या पोटातच राहतात, सर्व्हरवर जात नाहीत. म्हणून टिक हा तात्पुरता इलाज. खरं काम म्हणजे आउटलुकमध्येही तेच खातं आयमॅपने जोडायचं. पॉपचं खातं बदलून आयमॅप होत नाही, नवीन जोडावं लागतं. पोर्टच्या रकान्यात येणाऱ्या मेलसाठी ९९३, जाणाऱ्यासाठी ५८७ टाका. मग सेंट फोल्डर दोघांचा एकच.

जोडल्यावर जुन्या पॉप खात्याला सेंड-रिसीव्हमधून वगळा, नाहीतर प्रत्येक पत्र दोनदा दिसेल. आणि मेल आपोआप फोल्डरमध्ये हलवणारे नियम एकाच प्रोग्रॅममध्ये ठेवा. जंकची चाळणीही एकाचीच चालू ठेवा. दोन चाळण्या लावल्या की एकीने ठेवलेलं दुसरी उचलते, आणि पुन्हा हीच शोधाशोध.

---

प्रेषक: माई (ग्रंथालय)
बुधवार, सकाळी ८:००

नानांच्या आउटलुकमध्ये आपल्या पहिल्या दिवाळी अंकाचा सगळा पत्रव्यवहार आहे. लोकांनी कविता शिवाजी फॉन्टमध्ये टाइप करून पाठवल्या होत्या, तेव्हा युनिकोड आपल्यापैकी कोणाकडे नव्हतं. माझ्या यजमानांनी त्यातल्या तीन कविता रात्री बसून तपासल्या होत्या, कवितांखाली त्यांचे शेरे आहेत. यजमान आता नाहीत. नवीन जोडताना ही पत्रं जाणार असतील तर मला आधी छापून घेऊ द्या.

---

प्रेषक: नाना
बुधवार, सकाळी ८:१२

माई, एकही पत्र जाणार नाही. माझा शब्द आहे. आज संध्याकाळी मी स्वतः कार्यवाहकडे जातो.

---

प्रेषक: भाऊ (किचनर)
बुधवार, दुपारी १२:०५

माई, ती पत्रं पेटीत नाहीतच. ती लॅपटॉपवर एका पीएसटी फाइलमध्ये, म्हणजे आउटलुकच्या पत्रांच्या साठ्यात, आहेत. नाना, आज गेलात की सगळ्यात आधी आउटलुक पूर्ण बंद करा आणि त्या फाइलची प्रत दोन पेनड्राइव्हवर घ्या. आउटलुक चालू असताना प्रत होत नाही. फाइल किती मोठी आहे तेही बघा. जुन्या प्रकारच्या पीएसटीची मर्यादा २ जीबी असते, त्याच्या जवळ आली असेल तर तिच्यात आणखी काही भरू नका.

थंडरबर्ड ती फाइल थेट वाचत नाही. पण दोन प्रोग्रॅम शेजारी असण्याचा इथे फायदा आहे. आउटलुकमध्ये जुनं फोल्डर उघडा आणि पत्रं निवडून आयमॅप खात्यातल्या नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा. हलवू नका, कॉपीच करा. ती सर्व्हरवर चढतील आणि थोड्या वेळाने थंडरबर्डमध्ये दिसू लागतील. एकेक वर्ष घ्या, घाई नको.

शिवाजीतली पत्रं थंडरबर्डमध्ये आधी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतील. घाबरू नका, मजकूर तसाच साठवलेला असतो, मराठी रूप फॉन्ट देतो. लॅपटॉपवर शिवाजी फॉन्ट हवा आणि थंडरबर्डच्या फॉन्ट सेटिंगमध्ये मेलला स्वतःचे फॉन्ट वापरू देण्याची चौकट टिक हवी.

---

प्रेषक: खजिनदार
बुधवार, दुपारी ३:४०

विषय निघालाच आहे म्हणून. चार सभासदांनी कळवलंय की माझी पावती उघडत नाही, विनमेल डॉट डॅट नावाची फाइल येते. मी पीडीएफच जोडतो. कार्यवाहच्या प्रोग्रॅममुळे असेल का?

---

प्रेषक: भाऊ (किचनर)
बुधवार, दुपारी ४:०२

नाही काका, तिचा संबंध नाही. तुमच्या मेलचा नमुना रिच टेक्स्ट आहे. तो आउटलुकलाच कळतो, बाकीच्यांना तेच पुडकं मिळतं आणि पीडीएफ आत अडकते. फाइल, ऑप्शन्स, मेल, तिथे एचटीएमएल करा आणि त्या चौघांना पावत्या परत पाठवा.

---

प्रेषक: नाना
बुधवार, रात्री १०:५०

कार्यवाहच्या घरून लिहितो आहे, थंडरबर्डमधून.

फाइल १.४ जीबी भरली. दोन प्रती घेतल्या, एक माझ्याकडे, एक माईंना देईन. आउटलुकमध्ये आयमॅप जोडलं, पॉप वगळलं. चाचणीचं पत्र आउटलुकमधून पाठवलं, ते इथे सेंटमध्ये दिसतंय. जंकची चाळणी थंडरबर्डची ठेवली, आउटलुकची बंद केली. तेवढं मला मान्य नव्हतं, पण रोज मेल कार्यवाह बघते.

दिवाळी अंकाचं फोल्डर कॉपी केलं. फॉन्ट माझ्या जुन्या सीडीवर होता. माई, पहिलीच कविता उघडली, खाली लाल अक्षरांत "दुसऱ्या कडव्यात एक मात्रा जास्त होते" असा शेरा आहे.

---

प्रेषक: माई (ग्रंथालय)
बुधवार, रात्री ११:०४

तो त्यांचाच. मी उद्या सकाळी येते.

---

प्रेषक: कार्यवाह
गुरुवार, सकाळी ७:३०

अक्का, ११८ पोळ्या. रात्री आणखी दोन फॉर्म आले, तेही धरलेत.

माई, दहानंतर या, तोपर्यंत मुलांची बस जाते. नाना, तुमचा चार्जर इथेच राहिलाय.